रोटरी गाडी आणि अधिकाराचा प्रश्न

रोटरी इंजिनाची स्पोर्ट्स कार घ्यायची म्हटले की नवख्या माणसापुढे बहुधा एकच नाव येते, माझ्दाची आरएक्स-८. २००३ ते २०१२ या काळात हिरोशिमात बनलेली ही चार दारांची गाडी ब्रिटन-अमेरिकेतल्या जुन्या गाड्यांच्या बाजारात तिच्या तोडीच्या इतर गाड्यांपेक्षा स्वस्त मिळते. तिच्या आधीची आरएक्स-७ (१९७८ ते २००२) ‘इनिशियल डी’सारख्या जपानी चित्रकथांनी आणि हॉलिवुडच्या शर्यतपटांनी इतकी प्रसिद्ध केली की तिची शेवटची पिढी आता साध्या पगारदाराच्या आवाक्यात राहिलेली नाही. माझ्दा भारतात मोटारगाड्या विकत नाही. त्यामुळे मराठी माणसाला हा प्रश्न पडतो तो प्रामुख्याने लंडन, मेलबर्न किंवा न्यू जर्सीत राहताना. पहिल्या-दुसऱ्या पगारातून शिल्लक उरते, आणि मिनिटाला नऊ हजार फेऱ्यांपर्यंत फिरणारे इंजिन एखाद्या साध्या हॅचबॅकच्या भावात समोर दिसते. हा स्वस्तपणा फुकटचा नाही. पुढे येणारा इंजिनखर्च बाजाराने आधीच किमतीतून वजा केलेला असतो.

हा खर्च का येतो ते यंत्राच्या रचनेतच आहे. नेहमीच्या इंजिनात पिस्टन वर-खाली होतो आणि क्रँकशाफ्ट त्या हालचालीचे फिरण्यात रूपांतर करतो. जर्मन संशोधक फेलिक्स वांकेल यांच्या कल्पनेतून १९५७ साली पहिल्यांदा चाललेल्या रोटरी इंजिनात हा द्राविडी प्राणायाम नाही. फुगीर बाजूंचा त्रिकोणी रोटर मध्यभागी किंचित आवळलेल्या लंबगोल घरात फिरतो. त्याच्या तीन बाजू आणि घराची भिंत यांच्यामध्ये तीन कप्पे तयार होतात, आणि प्रत्येक कप्पा फिरता फिरताच हवा-पेट्रोल ओढतो, दाबतो, जाळतो आणि बाहेर टाकतो. रोटर एकदा फिरतो तेव्हा शाफ्टच्या तीन फेऱ्या होतात. झडपा नाहीत, कनेक्टिंग रॉड नाहीत, हादरे जवळजवळ नाहीत. आरएक्स-८च्या इंजिनात ६५४ सीसीचे असे दोन रोटर आहेत. १३०८ सीसीत जपानी बाजारातल्या सर्वांत ताकदवान आवृत्तीने २५० अश्वशक्ती दिली. इंजिन लहान आणि हलके असल्याने ते पुढच्या चाकांच्या मागे सरकवता आले आणि गाडीचे वजन पुढे-मागे जवळपास निम्मे-निम्मे वाटले गेले. वळणावर ही गाडी जी मजा देते ती या मांडणीमुळे.

दुखणे त्रिकोणाच्या तीन टोकांत आहे. प्रत्येक टोकाला एक पातळ पट्टी असते, तिला एपेक्स सील म्हणतात. ही पट्टी घराच्या भिंतीला सतत घासत शेजारच्या दोन कप्प्यांतला वायू वेगळा ठेवते. तिला वंगण मिळावे म्हणून इंजिन स्वतःच थोडे थोडे ऑइल आत सोडते आणि ते पेट्रोलबरोबर जाळते. ऑइल खाणे हा या इंजिनाचा बिघाड नव्हे, त्याचा आहार आहे. म्हणून दर दुसऱ्या टाकीला डिपस्टिक काढून पाहणे हे मालकाचे काम ठरते. थंड इंजिन सुरू करून गाडी दारातून अंगणात घेतली आणि लगेच बंद केली, तर आत उरलेले पेट्रोल सीलवरचे ऑइल धुऊन टाकते, कॉम्प्रेशन पडते आणि पुढच्या वेळी कितीही सेल्फ मारला तरी गाडी उठत नाही. इग्निशन कॉइल कमजोर झाल्या की न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाते, तिथे पेटते, कन्व्हर्टर वितळून तुंबतो, आणि तुंबलेली उष्णता उलट इंजिनात येऊन सील संपवते. तुलनेने स्वस्त कॉइल वेळेवर न बदलल्याने अख्खे इंजिन उतरवावे लागते. पेट्रोलच्या ॲव्हरेजबद्दल न बोललेले बरे. अमेरिकेत तर सुरुवातीच्या वर्षांतल्या आरएक्स-८च्या इंजिनाची हमी माझ्दाला स्वतःहून आठ वर्षे किंवा एक लाख मैलांपर्यंत वाढवावी लागली होती.

अशी गाडी नवशिक्याने घ्यावी का, या प्रश्नाला जाणकारांकडून सहसा दोन टोकांची उत्तरे मिळतात. एक गट म्हणतो, आयुष्य एकदाच मिळते, घेऊन टाका. दुसरा म्हणतो, हे तुमचे काम नव्हे. दोन्ही उत्तरे हिशेबाची वाटली तरी त्यांच्या मुळाशी एक जुनाच प्रश्न आहे. एखादी कृती करायला माणूस योग्य आहे हे कशावरून ठरवायचे? इच्छा पुरेशी आहे का? आणि जी योग्यता ती कृती केल्याशिवाय येतच नाही, ती आधी कशी मागायची? भारतीय परंपरेत या प्रश्नाचा सर्वांत काटेकोर विचार पूर्वमीमांसेने केला आहे. जैमिनीच्या सूत्रांचा सहावा अध्याय संपूर्ण अधिकाराला वाहिलेला आहे. मोटारगाडीसाठी यज्ञशास्त्राकडे जाणे चमत्कारिक वाटेल. परंतु यज्ञ म्हणजेही खर्चाची, अनेक अंगांची, ठरल्या क्रमाने करायची आणि चुकली तर फुकट जाणारी कृती. अशा कृतीच्या कर्त्याबद्दल मीमांसकांनी विचारलेले प्रश्न इतके व्यवहारी आहेत की ते वेदीपासून गॅरेजपर्यंत आणताना फारशी ओढाताण होत नाही.

अधिकाऱ्याकडे तीन गोष्टी हव्यात असे ते म्हणतात. फळाची इच्छा हवी, कृती पार पाडण्याचे सामर्थ्य हवे आणि तिचे ज्ञान हवे. नवशिक्याजवळ पहिली भरपूर असते. तिसरी नसते असे सगळे गृहीत धरतात आणि तिच्यावरूनच त्याला हटकतात. खरे तर तिन्हींत तीच सर्वांत स्वस्त. रोटरीची देखभाल गूढ विद्या नाही. कोणते ऑइल, किती वेळा पाहायचे, इंजिन किती तापल्यावर जोर लावायचा, गाडी पेट्रोलने गुदमरली तर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ कसा मारायचा, हे चार संध्याकाळी वाचून कळते. अडते ते सामर्थ्यापाशी, आणि सामर्थ्याची चर्चा मीमांसेत फार बारकाईने केलेली आहे.

धन नसलेल्याला यज्ञाचा अधिकार आहे का? जैमिनीचे उत्तर होकारार्थी आहे, कारण निर्धनता ही कायमची अवस्था नव्हे, धन मिळवता येते. अंगात दुरुस्त होणारे वैगुण्य असेल तर त्यालाही हाच न्याय लागतो. वैगुण्य दुरुस्त होण्यासारखे नसेल आणि त्यामुळे कृतीचे एखादे अंग करणेच अशक्य असेल, तर मात्र अधिकार नाही. हा भेद गाडीच्या प्रश्नाला नेमका लागू पडतो. आज इंजिन पुन्हा बांधण्याइतके पैसे बाजूला नाहीत, ही अडचण तात्पुरती आहे. ते साठेपर्यंत थांबायचे एवढाच तिचा अर्थ. ज्याचे ऑफिस घरापासून दोन किलोमीटरवर आहे आणि ज्याला याच एका गाडीने रोज जाऊन-येऊन करायचे आहे, त्याची अडचण वेगळ्या जातीची आहे. इंजिन तापायच्या आत बंद होणार, दररोज, वर्षानुवर्षे. इथे पैसा, हौस, अभ्यास काहीच उपयोगी पडत नाही, कारण त्या माणसाचा दिनक्रमच यंत्राच्या विरुद्ध जातो. जाणकार मंडळी नवख्याला तो किती शिकला आहे हे विचारतात. तो रोज किती अंतर चालवतो हे विचारले असते तर अर्धे वाद मिटले असते.

याहून महत्त्वाचा विचार नित्य आणि काम्य कर्मांच्या भेदात आहे. अग्निहोत्रासारखे नित्य कर्म न करणे हा दोष. म्हणून ते जमेल तसे केले, एखादे गौण अंग राहिले, तरी चालते. काम्य कर्माचे तसे नाही. पाऊस पडावा म्हणून कारीरी इष्टी करणाऱ्याला ती करच असे कोणी सांगितलेले नाही. न करण्यात दोष नाही, आणि त्याच कारणाने अर्धवट करण्याला माफीही नाही. सगळी अंगे पूर्ण झाली तरच फळ. वाईच्या प्राज्ञपाठशाळेत केवलानंद सरस्वतींनी सिद्ध केलेला मीमांसाकोश सात खंडांचा आहे, आणि त्यातल्या असंख्य बारकाव्यांत आजच्या ग्राहकाला सर्वांत उपयोगी पडावा असा हा एक नियम आहे.

कामावर जाण्याची गाडी हे एका अर्थी नित्य कर्म. पोट भरायला ती लागतेच. तिची सर्व्हिसिंग दोन महिने पुढे गेली, टायर थोडे जास्त झिजले, तर ओढाताणीच्या संसारात ते समजून घेतले जाते, आणि साध्या पिस्टनच्या गाड्याही ते निमूट सोसतात. रोटरी स्पोर्ट्स कार घेणे निखळ काम्य आहे. तिच्यावाचून कोणाचे अडत नाही. त्यामुळे ‘या महिन्यात जमले नाही’ हे वाक्य जिथे एरवी कारण म्हणून चालते तिथे इथे चालत नाही. ऑइल पाहायचे राहिले, कॉइल पुढच्या पगारावर ढकलल्या, पाण्याची गळती दिसूनही महिना गेला, असे एकेक अंग गळत गेले की फळ थोडे कमी मिळते असे होत नाही. इंजिनच जाते. नवशिक्याने स्वतःला विचारायचा प्रश्न म्हणूनच ‘मला ही किती हवी आहे’ असा नाही. हौसेच्या कृतीत आपण सवलत मागणार नाही, याची खात्री आहे का, असा तो आहे.

रोटरीच्या इतिहासातच या नियमाचा दाखला आहे, आणि त्यातले दोन्ही पक्ष त्या वेळी नवखेच होते. जर्मनीतल्या एनएसयू कंपनीने १९६७ मध्ये आरओ ८० ही देखणी सेडान बाजारात आणली. पुढच्या वर्षी तिला युरोपातला ‘कार ऑफ द इयर’ किताब मिळाला. पण सीलचा प्रश्न सुटलेला नव्हता. हमीखाली इंजिने बदलून देता देता कंपनी खंगली आणि १९६९ मध्ये फोक्सवागनच्या छत्राखाली आउडीत विलीन झाली. माझ्दाने याच एनएसयूकडून परवाना घेतला होता, १९६१ साली. घराच्या आतल्या भिंतीवर सील थरथरून ओरखडे उमटत. हिरोशिमातले अभियंते त्यांना सैतानाच्या नखांचे ओरखडे म्हणत. केनिची यामामोतो यांच्या हाताखालच्या सत्तेचाळीस जणांच्या पथकाने ते घालवण्यासाठी वर्षे घालवली, कार्बनमध्ये ॲल्युमिनियम मुरवलेले सील तयार केले, आणि मगच, १९६७ च्याच मे महिन्यात, कॉस्मो स्पोर्ट विक्रीला काढली. पुढच्या वर्षी नुर्बुर्गरिंगवरच्या चौऱ्याऐंशी तासांच्या शर्यतीत दोनपैकी एक कॉस्मो चौथी आली. दुसरी ब्याऐंशीव्या तासाला बाद झाली ती ॲक्सलमुळे, इंजिनामुळे नव्हे. दोन्ही कंपन्यांची इच्छा सारखीच तीव्र होती आणि एनएसयूचे ज्ञान तर काकणभर अधिक होते, इंजिन त्यांचेच होते. फरक पडला तो एक अंग अपुरे असताना आरंभ करायचा की नाही, या निर्णयाने.

मीमांसेचा आणखी एक विचार इथे कामाला येतो, तो प्रतिनिधीचा. सोम मिळाला नाही तर पूतिका वापरावी, तांदूळ नसेल तर नीवार हे रानभात चालावे. द्रव्याला प्रतिनिधी असतो. देवता, अग्नी, मंत्र यांना नसतो, आणि यज्ञाच्या स्वामीलाही नसतो. आरएक्स-८चा रेडिएटर, कॉइल, क्लच हे सगळे दुसऱ्या कंपनीचे घातले तरी बिघडत नाही. कधी कधी ते मूळपेक्षा चांगलेच ठरतात. अनेक हौशी लोक मात्र कंटाळून रोटरी इंजिनच काढतात आणि जागी अमेरिकन व्ही-८ बसवतात. गाडी धावते, वेगानेही धावते. पण ज्या इंजिनासाठी ती घेतली तेच गेले. हा द्रव्याचा बदल नसून देवतेचाच बदल आहे. ज्याला हा पर्याय पहिल्या दिवसापासून खुणावतो त्याने मुळात वेगळी गाडी घ्यावी, तिच्यात कमी खर्चात तोच आनंद आहे. मालकाला प्रतिनिधी नाही हे तर रोटरीइतके दुसरी कोणतीही गाडी शिकवत नाही. चांगला मिस्त्री वर्षातून दोनदा गाडी पाहील. पेट्रोल भरताना डिपस्टिक पाहणे, गाडी तापेपर्यंत वाट पाहणे, बंद करण्यापूर्वी ती पूर्ण तापली होती की नाही हे लक्षात ठेवणे, हे पगार देऊन दुसऱ्याकडून करून घेता येत नाही.

या सगळ्यावर एक जोरदार आक्षेप आहे, आणि तो ॲरिस्टॉटलचा आहे. घर बांधूनच माणूस गवंडी होतो, वीणेसारखे वाद्य वाजवूनच वादक होतो, असे त्याने नीतिशास्त्रावरील आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या भागात म्हटले आहे. योग्यता आधी आणि कृती नंतर असा हट्ट धरला तर कोणीच कधी योग्य होणार नाही. आक्षेप बरोबर आहे. फक्त त्याच परिच्छेदात पुढे काय आहे ते विसरले जाते. वाईट बांधून माणूस वाईट गवंडी होतो, वाईट वाजवून वाईट वादक होतो, तसे नसते तर गुरूची गरजच पडली नसती, हेही तिथेच आहे. जवळपास रोटरी जाणणारे गॅरेज असेल तर नवशिक्या दोन वर्षांत चांगला मालक होतो. नसेल तर तो त्याच दोन वर्षांत चुकीच्या सवयी पक्क्या करतो आणि वर इंजिनालाच नावे ठेवतो. गाडीचे दुकान किती लांब आहे यापेक्षा असे गॅरेज किती लांब आहे, हे म्हणून आधी पाहावे.

अमेरिकन तत्त्वज्ञ एल. ए. पॉल यांनी २०१४ च्या ‘ट्रान्सफॉर्मेटिव्ह एक्स्पीरियन्स’ या पुस्तकात वेगळीच अडचण दाखवली. काही अनुभव असे असतात की ते घेतल्याशिवाय त्यांचे मोल कळत नाही, आणि ते घेतल्यावर मोल ठरवणारा माणूसच बदललेला असतो. मूल होणे हे त्यांचे प्रसिद्ध उदाहरण. मग आधी हिशेब मांडून निर्णय घेणार कसा? रोटरीचे मालक आपल्या गाडीबद्दल अगदी असेच बोलतात, घेतल्याशिवाय कळणार नाही. यातला निम्मा भाग मान्य करता येत नाही. इंजिनाचा तो एकसुरी चढता आवाज, हादऱ्यांचा अभाव, रेडलाइन जवळ आल्यावर वाजणारी सूचना, वळणावरचा तोल, हे सगळे अर्ध्या तासाच्या चक्करीत कळते. त्यासाठी गाडी विकत घ्यावी लागत नाही. आधी न कळणारा भाग आहे तो तिसऱ्या हिवाळ्यातला. पहाटे गाडी उठेल का ही धाकधूक रोज बाळगताना तिच्यावरचे प्रेम वाढते की चीड, हे कोणालाही आपल्याबद्दल आधी सांगता येत नाही. एवढ्यापुरती पॉल यांची अडचण खरी आहे.

अधिकार या कल्पनेचा वापर करताना तिचा इतिहास नजरेआड करणे अप्रामाणिकपणाचे होईल. याच सहाव्या अध्यायात शूद्रांना यज्ञाचा अधिकार नाकारला आहे. सर्वांनाच अधिकार आहे असे बादरी या आचार्याचे मत तिथे नोंदवले आहे आणि लगेच खोडलेही आहे. इच्छा, सामर्थ्य, ज्ञान या तीन मोकळ्या कसोट्यांना जन्माची चौथी कसोटी जोडली गेली, आणि ज्ञान मिळवण्याचा रस्ताच बंद करून अज्ञान हे अपात्रतेचे कारण म्हणून पुढे केले गेले. १२९० च्या ज्ञानेश्वरीपासून वारकरी संतांनी आणि पुढे जोतीराव फुल्यांनी ज्याच्याशी झुंज घेतली ते हेच. गाडीच्या शौकिनांत हे पातक फार किरकोळ रूपात आढळते. जुने मालक नव्याला ‘ही तुझ्यासाठी नाही’ म्हणतात, पण ती त्यांच्यासाठी कशी झाली ते सांगत नाहीत. कसोटी जाहीर असावी आणि ज्याला हवी त्याला स्वतःवर लावता यावी. तशी नसेल तर तो अधिकार नव्हे, नुसती मक्तेदारी.

ती कसोटी अशी मांडता येते. जो गाडी चालवायलाच शिकतो आहे त्याने ही घेऊ नये. मागच्या चाकांना ताकद देणारी, नऊ हजार फेऱ्यांपर्यंत धावणारी गाडी आणि कच्चे हात ही जोडी रस्त्यावरच्या तिसऱ्याच माणसाला धोक्यात घालते, आणि इथे प्रश्न केवळ मालकाच्या फळाचा राहत नाही. गाडी चालवण्यात मुरलेला पण यंत्रात नवखा असलेल्या माणसाने घ्यायला हरकत नाही, मात्र रोजच्या कामाला दुसरे वाहन हवे, इंजिन एकदा पुन्हा बांधण्याइतकी रक्कम किमतीव्यतिरिक्त बाजूला हवी, आणि व्यवहारापूर्वी रोटरीसाठीच बनवलेल्या यंत्राने कॉम्प्रेशन मोजलेले हवे. साधा गेज तीन कप्प्यांपैकी सर्वांत चांगल्याचाच आकडा दाखवतो, तो इथे कुचकामी आहे. आरएक्स-८ला २५० फेऱ्यांच्या वेगाला प्रत्येक कप्प्यात किमान ६८० किलोपास्कल दाब लागतो, आणि सहाही आकडे एकमेकांच्या जवळ असावे लागतात. गाडी पूर्ण तापवून बंद करावी आणि पाच-दहा मिनिटांनी पुन्हा सेल्फ मारावा. तेव्हा ती कुंथत असेल तर विकणाऱ्याचे बाकीचे बोलणे ऐकण्याची गरज नाही.

इतके करूनही गाडी झेपली नाही तर काय, या प्रश्नाचेही उत्तर जैमिनीजवळ आहे. काम्य यज्ञ एकदा आरंभला की इच्छा मावळली तरी तो पूर्ण करावा लागतो, लौकिक कामाला मात्र ते बंधन नाही, ते मध्येच सोडले तरी चालते. मोटारगाडी पूर्णपणे लौकिक आहे. दुसऱ्या वर्षी डिपस्टिक पाहण्याचा कंटाळा येऊ लागला तर ती विकून टाकण्यात काही कमीपणा नाही. विकताना शेवटच्या तपासणीचे सहा आकडे, ऑइलची नोंदवही आणि कॉइल केव्हा बदलल्या त्याची पावती घेणाऱ्याच्या हातात द्यावी, कारण इतक्या स्वस्त गाडीला येणारे गिऱ्हाईक बहुधा नवखेच असते.